अर्ध्या गोळीची नोंद

सांगलीच्या मार्केट यार्डात फेब्रुवारीपासून हळदीच्या सौद्यांना जोर चढतो. आमची अडतीची पेढी आजोबांच्या वेळेपासूनची. हळकुंड मोडून आतला रंग पाहावा आणि मनात भाव ठरवावा, हे मी वडिलांच्या शेजारी उभा राहून शिकलो. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात मात्र मी ढिगासमोर उभा राही आणि हळकुंड उचलण्याचेही सुचत नसे. पहाटे तीनला जाग येई ती पुन्हा डोळा लागत नसे. जेवणाची चव गेली होती. कीर्दीत एकच रक्कम मी दोनदा लिहिली. आमच्या वृद्ध दिवाणजींनी ती चूक काही न बोलता दुरुस्त केली, आणि त्यांच्या त्या न बोलण्यानेच मी घाबरलो.

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल, की कोठेतरी मोठी उधारी बुडाली असेल. तसे काही झाले नव्हते. व्यापार बरा चालला होता, मुलगा हाताशी आला होता, प्रकृतीची मोठी तक्रार नव्हती. आमच्या घरगुती डॉक्टरांनी रक्त तपासले, थायरॉईड पाहिले आणि मला मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी पंधरा दिवस माझ्या खिशात राहिली. घरात उपवर मुलगी होती. आपल्या समाजात स्थळे जुळताना कोणत्या गोष्टींची चौकशी होते, हे मी येथे सांगण्याची आवश्यकता नाही. शेवटी सौ.च्या आग्रहावरून शेजारच्या गावातील डॉक्टरांकडे गेलो. गाडी दवाखान्यापासून दोन गल्ल्या अलीकडे उभी केली.

डॉक्टर चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी नैराश्याचे निदान केले आणि एस्सिटालोप्रॅम लिहून दिले. पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, पुढे १०. परिणाम दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतील, पूर्ण अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी येईल, सुरुवातीस मळमळ होऊ शकते, हे सारे त्यांनी सांगितले. मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र मनाशी ठरवले, की ५ पुरे. पहिल्या आठवड्यानंतर १० ची गोळी आली, ती मी सुरीने अर्धी करू लागलो. उरलेली अर्धी सुपारीच्या जुन्या डबीत जाई.

असे का केले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. भीती दुष्परिणामांची होती, असे मी त्या वेळी स्वतःस सांगत असे. खरे कारण निराळे होते. पूर्ण गोळी घेणारा मनुष्य रुग्ण आणि अर्धी घेणारा केवळ थकलेला, असे काहीसे गणित माझ्या मनात होते. त्यातच अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासाला ती अर्धीही चुकत असे, कारण त्या दिवशी मी पाण्याखेरीज काही घेत नाही. म्हणजे महिन्यातून चार दिवस औषधच नव्हते.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी विचारले, "अण्णा, गोळी नियमित घेता ना?"

मी म्हणालो, "हो."

शब्दशः ते पूर्ण खोटेही नव्हते. झोप आली नव्हती, वजन तीन किलोने उतरले होते. डॉक्टरांनी वहीतील नोंदी पाहिल्या आणि १० ने उपयोग होत नाही असा निष्कर्ष काढून मात्रा २० केली. त्याच आठवड्यात माझ्या मुलाने औषधांची जबाबदारी आपल्याकडे घेतली. सकाळी तो समोर उभा राही आणि मी पूर्ण गोळी गिळी. ५ वरून मी एका दिवसात २० वर गेलो होतो, आणि हे माझ्याखेरीज कोणासही ठाऊक नव्हते. पुढचे चार दिवस हात थरथरत, पोट ढवळे, खुर्चीत पाच मिनिटे बसवत नसे, होती नव्हती ती झोपही गेली. मी घरात मोठ्या आवाजात म्हणालो, की या डॉक्टरांना काही कळत नाही, माणसाला औषधाने मारायला निघाल्या आहेत.

सौ. काही बोलली नाही. पाचव्या दिवशी ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली आणि तिने सुपारीची डबी डॉक्टरांच्या मेजावर ठेवली. आत चौतीस अर्ध्या गोळ्या होत्या. तिने त्या मोजल्या होत्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या इतकेच म्हणाल्या, "मग मी मात्रा वाढवली ती कशाच्या आधारावर?"

व्यापाऱ्याला हा प्रश्न कोणी समजावून द्यावा लागत नाही. पंधरा पोती आली असता तीस आल्याची नोंद झाली, तर त्या नोंदीवरून ठरवलेला प्रत्येक भाव चुकतो, आणि भाव ठरवणाऱ्याचा त्यात दोष नसतो. माझ्या बाबतीत चुकीची नोंद करणारा मी होतो आणि तिचा ताप भोगणाराही मीच. डॉक्टरांशी माझा मतभेद होता, हे उघड आहे. परंतु तो मी एका शब्दानेही त्यांच्यासमोर मांडला नव्हता. "मला ५ पेक्षा अधिक घ्यायचे नाही, कारण मला भीती वाटते," एवढे वाक्य मी उच्चारले असते, तर त्यांनी एक तर मला पटवले असते किंवा औषधाऐवजी समुपदेशनाचा मार्ग सुचवला असता. सौम्य नैराश्यात तोही मार्ग असतो, हे मला पुढे त्यांच्याचकडून कळले.

सर्व पुन्हा प्रथमपासून सुरू झाले. १० मिलिग्रॅम, पूर्ण गोळी, उपवासाच्या दिवशीही. उपवासाच्या प्रश्नाची मला चिंता होती, म्हणून तो विचारला. त्या म्हणाल्या, की हे औषध शरीरातून सावकाश उतरते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे ३० तास लागतात. त्यामुळे ते सकाळी घेतले काय किंवा सायंकाळी, फरक फारसा नाही. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी ते सकाळी घ्यावे, रात्रीच्या गोळीचा आग्रह नाही. मात्र दशलक्षण पर्वात किंवा अठाईत सलग आठ-दहा दिवस गोळी बंद ठेवणे म्हणजे औषध एकाएकी तोडणे होय. त्यात चक्कर येते, चिडचीड होते, डोके हलवताच आत वीज चमकल्यासारखे वाटते. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिनसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधांत हा त्रास अधिक लवकर आणि अधिक तीव्र होतो. तेव्हा व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, व्रत घेतल्यानंतर नव्हे. मी त्या वर्षी उपवासाऐवजी एकाशन केले आणि गोळी त्या एका वेळेच्या भोजनाबरोबर घेतली.

येथे एक गोष्ट आपल्या घरांसाठी आवर्जून लिहितो. नैराश्याच्या औषधांना जोड म्हणून काही रुग्णांना लिथियम दिले जाते. ते घेणाऱ्याने मीठ वर्ज्य केले किंवा निर्जळ उपवास केला, तर लिथियमचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. अलोणी आयंबिल करणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कोणी सांगितलेले असतेच असे नाही. तसेच वृद्धांत नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांनीही रक्तातील सोडियम उतरू शकते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. आजोबांना पर्वाच्या दिवसांत एकाएकी गोंधळल्यासारखे होऊ लागले, तर त्याला केवळ अशक्तपणा समजू नये.

पूर्ण १० घेतल्यानंतर आठ आठवड्यांनी झोप थोडी सुधारली, मन मात्र तेथेच होते. जूनमध्ये १५ झाले, जुलैत २०. या वेळी मी विरोध केला तो तोंडाने केला. मी विचारले, १० ने अर्धे बरे वाटले, तर २० ने पूर्ण वाटेल, असा हा हिशेब आहे काय? डॉक्टर हसल्या. हा हिशेब तसा सरळ नाही, असे त्यांनी सांगितले आणि कागदावर एक वक्ररेषा काढून दाखवली. मेंदूत सेरोटोनिन परत शोषून घेणारी वाहक प्रथिने असतात. ही औषधे त्यांना अडवतात. मेंदूच्या चित्रणातून असे दिसले आहे, की नेहमीच्या किमान उपचारमात्रेलाच त्यांपैकी सुमारे ८० टक्के अडलेली असतात. पुढे मात्रा दुप्पट केली तरी परिणाम दुप्पट होत नाही, रेषा आडवी होत जाते. अशा औषधांच्या मात्रेसंबंधीच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही लाभ एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि पुढे थबकतो. दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे मात्र मात्रेबरोबर वाढतच जातात, असे आढळले. "म्हणून २० ने नक्की उपयोग होईल असे मी म्हणत नाही. काहींना होतो. दोन महिने पाहू, नाही झाला तर मागे येऊ," असे त्या म्हणाल्या. असे उत्तर मिळाल्यावर मला संमती देणे सोपे गेले.

उपयोग झाला. पर्युषणाच्या सुमारास एक दिवस मी पहाटे सहापर्यंत झोपलो. बेदाण्याच्या सौद्याला मी पुन्हा बोली लावू लागलो. दिवाणजींनी कीर्द माझ्यापुढे ठेवली आणि ते चहा सांगायला निघून गेले.

त्याच काळात मुलीचे लग्न ठरले. व्याह्यांना आम्ही ठरण्यापूर्वीच माझ्या औषधाचे सांगितले. त्यांनी विचारासाठी पंधरा दिवस घेतले आणि मग होकार कळवला. त्या पंधरा दिवसांविषयी मी अधिक लिहीत नाही.

डिसेंबरमध्ये लग्न झाले. पाठवणीच्या वेळी मंडपात सारे रडत होते. मुलगा रडत होता, हमालांच्या टोळीचा मुकादम, ज्याने तिला लहानपणी हळदीच्या पोत्यांवर बसवून झुलवले होते, तोही रडत होता. मी कोरडा उभा होतो. दुःख दाबून धरले होते असे नव्हे. ते आलेच नाही. आनंदही आला नव्हता. काचेपलीकडे कोणाचे तरी लग्न चालले आहे आणि मी ते पाहतो आहे, असे वाटत होते. चार दिवसांनी मुलीचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अण्णा, तुम्हाला वाईट नाही का हो वाटलं?"

जानेवारीत मी डॉक्टरांकडे गेलो तो वही घेऊन. त्या वहीत मी रोज चार रकाने भरत असे: गोळीची वेळ, झोपेचे तास, दिवसभराचे मन, आणि चौथ्यात जे सुचेल ते. मी म्हणालो, मला मात्रा कमी करायची आहे. त्या म्हणाल्या, आत्ता नको.

त्यांची बाजू बळकट होती. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने तीच मात्रा चालू ठेवावी, असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि मला बरे होऊन चारच महिने झाले होते. त्यांनी २०२१ मधल्या एका ब्रिटिश चाचणीचा दाखला दिला. दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्या ४७८ रुग्णांपैकी काहींचे औषध चालू ठेवले, काहींचे हळूहळू बंद केले. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी ३९ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के पुन्हा आजारी पडले. मी त्या आकड्यांकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले आणि म्हणालो, की बंद केलेल्यांतही ४४ टक्के बरे राहिलेच की. त्या म्हणाल्या, "हो. आणि चालू ठेवलेल्यांतही ३९ टक्के पडले. पण तुम्ही कोणत्या गटात असाल हे आज मला सांगता येत नाही."

मी आवाज चढवला नाही. पण माघारही घेतली नाही. लेकीच्या पाठवणीला ज्याला रडू येत नाही तो मनुष्य बरा झाला असे तुमच्या वहीत लिहिलेले असेल, माझ्या वहीत तसे लिहिलेले नाही, असे मी म्हणालो. या औषधांवर असलेल्या पुष्कळांना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात आणि मात्रा कमी केल्यास ते काही वेळा निवळते, हे त्यांनी मान्य केले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आधी कोणी विचारला नव्हता: "याखेरीज आणखी काय काय घेता? दुकानातून स्वतः आणलेलेही सांगा."

मी म्हणालो, काही नाही. सौ. म्हणाली, "अहो, ती आम्लपित्ताची?"

ओमेप्राझोलची कॅप्सूल मी कित्येक महिने रोज सकाळी घेत होतो. माझ्या लेखी ते औषधच नव्हते. यार्डात निम्मे लोक ती घेतात. परंतु ओमेप्राझोल यकृतातील ज्या विकराला अडवते, तोच एस्सिटालोप्रॅमचा निचरा करतो. दोन्ही एकत्र घेतल्यास एस्सिटालोप्रॅमचे रक्तातील प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी चढते, असे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. चिठ्ठीवर २० होते. माझ्या रक्तात त्याहून बरेच अधिक पोहोचत असावे. म्हणजे दुसऱ्यांदाही त्यांच्यापुढे अपुरी नोंद होती, आणि या वेळी ती मी लपवलीही नव्हती.

त्यांनी ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल दिले, ज्याचा असा परिणाम फारसा होत नाही. शिवाय ती गोळी आहे, कॅप्सूल नव्हे. जिलेटिनचा जो काटा माझ्या मनात इतके दिवस होता तोही निघाला. मुख्य औषधाची मात्रा मात्र त्यांनी तेव्हा हलवली नाही. एका वेळी एकच बदल. दोन केले तर कशाने काय झाले हे कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते आवडले नाही, पण पटले.

दरम्यान मी कोल्हापुरात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले. ते चोरून घेतले नाही. आधी आमच्या डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनीच औषधांचा पूर्ण तपशील लिहून दिला. आपल्याकडे दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्याचा अपमान असे मानले जाते. हळदीचा नमुना दोन ठिकाणी दाखवताना आपल्याला असा संकोच कधी वाटत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आजाराचे स्वरूप, नियोजित उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क दिला आहे, स्वतःच्या नोंदी पाहण्याचाही. मला त्या कायद्याचे नाव काढण्याची वेळ आली नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत मधले निघाले: कमी करा, पण १५ वर थांबा, आणि घाई नको.

मार्चमध्ये १५ झाले, जूनमध्ये १०. माझी इच्छा जानेवारीतच १० वर यावे अशी होती, डॉक्टरांची सप्टेंबरपर्यंत थांबावे अशी. दोघांनीही थोडे सोडले.

कमी करण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण घरोघरी ते चुकीच्या रीतीने होते. पुष्कळ जण गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात. लवकर उतरणाऱ्या औषधांत याचा अर्थ दर दोन दिवसांनी शरीराला झटका देणे असा होतो. मघाची वक्ररेषा येथे उलट दिशेने लागू होते: वरच्या टोकाला ५ मिलिग्रॅम कमी केल्याचे फारसे जाणवत नाही, शेवटचे ५ मात्र सर्वांत जड जाते, म्हणून शेवटी टप्पे लहान आणि सावकाश हवेत. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, जशा डेसव्हेनलाफॅक्सिनच्या, मोडायच्या नसतात. आणि आपल्याकडे एस्सिटालोप्रॅमबरोबर क्लोनाझेपॅम एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात. अशी गोळी अर्धी केली की दोन्ही औषधे अर्धी होतात, आणि एकाएकी बंद केली तर क्लोनाझेपॅम तुटल्याने झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आपल्या पाकिटावर एक नाव आहे की दोन, हे प्रत्येकाने आजच पाहावे.

मात्रा बदलण्याचे दिवस, वाढीचे असोत वा घटीचे, घरातल्यांनी डोळ्यांत तेल घालून काढावेत. २५ वर्षांखालील मुलांमुलींत औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लहान मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी दिला. असे काही बोलण्यात आले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. डॉक्टर भेटत नसतील तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

मी आज १० वर आहे. ते आणखी कमी करावे की नाही, याबद्दल आमचे अजून एकमत नाही. डॉक्टरांना हा हळदीचा हंगाम जाऊ द्यायचा आहे, कारण पहिल्यांदा मी हंगामातच कोसळलो होतो. मला गुढीपाडव्यापासून ७.५ वर यायचे आहे. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे. प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत, आणि सौ. बरोबर येणार आहे.

दिवाळसणाला मुलगी आणि जावई आले होते. चार दिवस राहून ती निघाली तेव्हा मी बसस्थानकावर पोहोचवायला गेलो. गाडी हलली आणि मला एवढे रडू कोसळले, की शेजारच्या फळवाल्याने स्टूल पुढे केले. घरी आल्यावर मी काही बोललो नाही. रात्री वही उघडली, तर त्या दिवसाचा चौथा रकाना सौ.ने तिच्या अक्षरात आधीच भरलेला होता: आज रडले.